एका पायाचं सांबर

सोलापूरला परत येऊन पंधरा दिवस झाले, तरी शाळेतल्या बाई मंडळी मधल्या सुट्टीत मला घेरतात आणि समुद्र कसा असतो ते पुन्हा सांगायला लावतात. मीही सांगते. दर वेळी लाटा थोड्या उंच होतात हे माझं मलाच कळतं. पण आमच्याकडे पाणी म्हणजे सिद्धेश्वराचं तळं, तेव्हा तपासायला कोण जाणार आहे! लाटा हाताबाहेर जायच्या आत एकदा सगळं लिहून टाकावं म्हणून बसले आहे.

झालं असं, की माझे धाकटे दीर मनोहरभावोजी वनखात्यात रेंजर आहेत. सहा वर्षं सागवानाच्या डेपोत ओंडके मोजण्यात गेली आणि एकदम बदली झाली ती कुलाबा जिल्ह्यात, मुरूडला. तिथे जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं राखीव रान होतं. संस्थान गेलं, रान सरकारकडे आलं आणि पाठोपाठ शिकारीचा नवा कायदाही आला. परवाना काढायचा, हंगाम पाळायचा, मादी आणि पिल्लू मारायचं नाही, आणि मुख्य म्हणजे आधी जनावरं मोजायची, मग किती बंदुका आत सोडायच्या ते ठरवायचं. ही मोजणी भावोजींच्या गळ्यात पडली. सांबर काही ओंडक्यासारखं आडवं पडून राहत नाही. म्हणून पाणवठ्याच्या चिखलात उमटलेल्या खुरांवरून मोजायचं ठरलं, आणि खुरांचे साचे पुरावा म्हणून ठेवायचं ठरलं. साचे कोण करणार? भावोजींचं पत्र आलं: "वहिनी, तुम्ही मुलींकडून प्लास्टरचे आंबे आणि केळी करून घेता. नाताळच्या सुट्टीत इकडे या आणि खूर करा."

आमच्या ह्यांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "जा. मुलांचं मी बघतो. फक्त सांबरांना चित्रकलेच्या परीक्षेला बसवू नकोस." चाळीस वर्षांची झाले, पण पुण्याच्या पलीकडे एकटी कधी गेले नव्हते. त्या रात्री मी बॅग तीन वेळा भरली आणि तीन वेळा रिकामी केली.

रेवदंड्याची खाडी

पुणे, पनवेल, अलिबाग हा भाग गाळते. गाडी लागली, एवढंच त्यात सांगण्यासारखं आहे.

रेवदंड्याला एस.टी. थांबते आणि पुढे खाडी आडवी येते. होडीतून पलीकडे साळावला जायचं आणि तिथून मुरूडची गाडी धरायची. मला न्यायला भावोजी अलीकडच्या काठावरच येऊन थांबले होते. मी होडीत पाय ठेवला, होडी हलली, मी किंचाळले. दुसरा पाय ठेवला, पुन्हा किंचाळले. मग खाडीच्या तोंडाशी समुद्र दिसला आणि मी तिसऱ्यांदा किंचाळले, पण ते आनंदाने. भावोजी खालमानेने म्हणाले, "वहिनी, मला इथे नोकरी करायची आहे हो."

माझ्याजवळ प्लास्टरची दहा शेरांची पिशवी होती. शेजारी एक कोळीण मासळीची पाटी घेऊन बसली होती. नाकात मोठी नथ, अंबाड्यात फूल, आणि माझ्याकडे टक लावून बघणं चाललेलं. होडीच्या तळाशी साचलेलं पाणी पिशवीच्या कोपऱ्याला लागलेलं तिनेच पाहिलं.

"अगो बाय, तुजं पीठ भिजतंय बग!"

मी पिशवी झटकन उचलली, पण कोपरा भिजला तो भिजलाच. साळावला उतरेपर्यंत त्याचा दगड झाला. कोळणीने त्यावर बोटाने टकटक केलं आणि तिचे डोळे विस्फारले. "या पिठाची भाकर खातेस तू?" मी म्हटलं, "हे खायचं नाही, याचे साचे करायचे." तिला ते काही पटलं नाही. उतरताना तिने पाटीतले दोन बोंबील माझ्या हातावर ठेवले आणि भावोजींना बजावलं, "वयनीला चांगलं खायला घाल रं. तिकडं दगड खातात वाटतं."

मुरूड

भावोजींचं बिऱ्हाड नारळी-पोफळीच्या वाडीत आहे. घरमालक आणि घरमालकीण दोघंही शाळामास्तर, आणि दोघंही सकाळी शाळेत जायच्या आधी झाडांना पाणी लावतात. आमच्याकडे झाडाला पाणी घालायचं तर आधी माणसांचं झालं का ते बघावं लागतं. इथे पाटातून पाणी आपलं खळखळत जातं आणि कोणी त्याच्याकडे वळूनसुद्धा पाहत नाही! मी मात्र अर्धा तास पाटाशी बसून राहिले. मालकीणबाई म्हणाल्या, "काही हरवलं का तुमचं?"

जेवणाचंही सांगायलाच हवं. तांदळाची भाकरी इतकी मऊ, की आमची ज्वारीची कडक भाकरी तिच्यापुढे कौल वाटावी. वालाचं बिरडं, नारळाचं वाटण घातलेलं. मी सोबत नेलेली शेंगाची चटणी मास्तरांनी चमचाभर खाल्ली, तांब्याभर पाणी प्याले आणि मग पुन्हा चमचाभर घेतली. तिथे आमची मैत्री झाली.

गाणीवर

दुसऱ्या दिवशी सकाळी रानात गेलो. तिकडे रानातल्या पाणवठ्याला "गाण" म्हणतात. वाट दाखवायला गोमाबाबा आले. साठी उलटलेले, काटक, गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावरच्या पट्ट्याला पितळी बिल्ला. नवाबाच्या काळात शिकारीला हाका घालणाऱ्या लोकांचे ते म्होरके होते. त्यांच्या आधी त्यांचे वडील. डबे, ढोल बडवत शंभर माणसं रान हलवायची आणि जनावर बंदुकीसमोर आणायची. संस्थान गेल्यावर सरकारने त्यांना रानाचा राखणदार म्हणून ठेवून घेतलं.

रान गर्द आहे. मनगटाहून जाड वेली एका झाडावरून दुसऱ्या झाडावर गेलेल्या, त्यांच्यावर हातभर लांब शेंगा. वर तांबडी मोठी खार उड्या मारत होती. तिला शेकरू म्हणतात. ती माझ्यावर इतकी ओरडली, की मला आमच्या हेडमास्तरीणबाईच आठवल्या.

आणि गाणीच्या काठी पाऊलखुणा! चिखलभर! दोन-दोन फाकांचे खोल, सुबक खूर. भावोजी मोजत सुटले. वेगळ्या रांगा धरून आकडा वीसवर गेला. पुढच्या गाणीवर आणखी अकरा, एकूण एकतीस. मी पदर खोचला, प्लास्टर कालवलं आणि ठशांत ओतायला लागले. गोमाबाबा उकिडवे बसून बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद, जसा पंगतीत वाढणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतो.

"बाय, आवडलं न्हवं?"

"बाबा, किती सुरेख उठलेत!"

"मंग! पाव्हनं आलं तर रान रिकामं कसं दिसंल?"

त्या वाक्याकडे माझं लक्षच गेलं नाही. भावोजींच्या तर कानांवरही गेलं नसेल, इतके ते खुशीत होते. मुरूडला परतल्यावर त्यांनी तडक तार-ऑफिस गाठलं आणि अलिबागच्या मोठ्या साहेबांना तार ठोकली: सांबरं भरपूर.

पोपटी

तिसऱ्या दिवशी दुपारी मी साचे घासूनपुसून ओळीने मांडले, प्रत्येकाला नंबर घालायला म्हणून. शाळेत चाळीस मुली एकच आंबा काढतात आणि चाळीस आंबे वेगळे होतात. हा माझा रोजचा अनुभव. इथे चोवीस सांबरांनी एकच खूर काढला होता! डाव्या फाकेच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढी खाच. पहिल्यात, सातव्यात, विसाव्यात. शिवाय सगळा उजवा पुढचा पाय. डावा नाही, मागचा नाही. एकच सांबर एका पायावर उड्या मारत सगळं रान फिरलं होतं.

मी इतकी हसले की मालकीणबाई धावत आल्या. भावोजींना दाखवलं. ते साचा उलटसुलट करून बघत राहिले आणि म्हणाले, "वहिनी, ओंडक्याला पाय नसतात, त्याचं सुख आज कळतंय."

त्याच संध्याकाळी गोमाबाबांच्या वाडीवर आम्हाला पोपटीचं आमंत्रण होतं. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मीठ-ओवा भरायचं, वरून पुन्हा पाला दडपायचा आणि मडकं उलटं करून भोवती पेंढा पेटवायचा. आमच्या हुरड्याची ही कोकणी बहीण. दिवस अजून मावळला नव्हता. दहा-बारा जुने हाकारे गोल बसले होते, गोमाबाबांची बायको चांगुणाबाई जाळ सारत होती. मी पुढच्या मडक्यासाठी शेंगा निवडता निवडता सहज म्हटलं, "बाबा, तुमच्या रानातली सगळी सांबरं लंगडी कशी हो?"

सगळे हाकारे एकदम जमिनीकडे बघायला लागले. कोणी खोकलं. आणि चांगुणाबाईला हसू फुटलं. पदर तोंडात कोंबला तरी ते थांबेना. "सांगा आता, सांगा! बाईमानसानं पकडलं तुमाला. नवाबाला जमलं न्हाय ते!"

गोमाबाबा उठले, घराच्या आढ्यात हात घालून एक फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढली आणि माझ्यासमोर ठेवली. सांबराचा वाळलेला पाय, गुडघ्यापासून खाली. खुराला तेल लावून लावून तो चकचकीत झाला होता.

"माज्या बाचा हाय," ते म्हणाले. म्हणजे वडिलांकडून आलेला. नवाबाचे पाहुणे शिकारीला यायचे, मुंबईचे, विलायतेचे. जनावराचा माग आधी दिसला नाही तर म्होरक्याची अब्रू जायची. म्हणून शिकारीच्या आदल्या दिवशी म्होरक्या रानात जाऊन पाय उमटवून यायचा. "पाव्हन्याला माग दिसला की पाव्हना खूश. जनावर गावो न गावो."

मी विचारलं, "पण एकच पाय का?"

"दुसरा कुत्र्यानं नेला."

आता मात्र सगळी वाडी हसली. त्यांनी मला ओल्या मातीत करून दाखवलं: चरणाऱ्या जनावराचा पाय हलका, पळणाऱ्याचा पुढे दाबलेला, गाभण मादीचा खोल. अहो, काय हात होता! एवढी जाण माझ्या आख्ख्या वर्गात एका मुलीच्या हाताला असती तर मी पेढे वाटले असते. मी तसं म्हटलंही.

हसत नव्हते ते एकटे भावोजी. ते म्हणाले, "गोमाबाबा, खरी सांबरं किती आहेत?"

म्हातारा बोटांवर मोजायलाही थांबला नाही. "च्यार. येक नर, दोन माद्या, येक पाडस."

"पूर्वी?"

"पूर्वी हाक्याला ईस-ईस म्होरनं जायची. संस्थान हुतं तवा येक शिकारी हुता. मंग समदेच शिकारी झालं. जीपा आल्या, दिवं लावून मारलं. पट्ट्याचा वाघ गेला, त्याच्या मागनं सांबर गेलं."

भावोजींनी मग त्यांना समजावून सांगितलं. आम्ही पाहुणे नव्हतो. पाऊलखुणा जितक्या, तितक्या बंदुका सरकार येत्या हंगामात आत सोडणार होतं. आम्ही एकतीस मोजली होती. आणि तार गेली होती.

गोमाबाबांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "म्हंजे मी पाय उमटिवलं त्येवड्या बंदुका?"

"तेवढ्याच."

पोपटीचं मडकं फोडलं, वाफ उठली, ओवा आणि पाल्याचा असा वास सुटला की एरवी मी सगळ्यांच्या आधी हात घातला असता. खाल्लं, पण मन खाण्यात नव्हतं. भावोजींची खरी अडचण मला परतताना कळली. पाय खोटे म्हणून कळवावं, तर म्हाताऱ्याचा बिल्ला जाणार, कदाचित खटलाही होणार. न कळवावं, तर ती चार सांबरं जाणार. "आणि साहेब स्वतः शिकारी आहेत, वहिनी. पहिला परवाना त्यांनाच हवाय."

डाकबंगला

चौथ्या दिवशी सकाळी साहेबांची जीप डाकबंगल्यासमोर उभी राहिली आणि तीतून आधी बंदुकीची पेटी उतरली, मग साहेब. मोठे गडी, मोठ्या मिशा, हसरे. मला वाटलं होतं त्यापेक्षा फारच चांगले निघाले, त्यामुळे माझी भीती वाढली. चहा घेताना त्यांनी आपली गोष्ट सुरू केली. भावोजींनी ती आधी तीनदा ऐकली होती. साहेब तरुण असताना नवाबाचे पाहुणे म्हणून याच रानात आले होते. एका प्रचंड नराच्या मागावर सात दिवस फिरले. कधी या गाणीवर पाय, कधी त्या डोंगरावर. "वहिनी, असलं हुशार जनावर मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. पाहिलं नाही म्हणजे खरंच पाहिलं नाही! पाय दिसायचे, जनावर नाही. आजही त्याच्यासाठी आलोय, किंवा त्याच्या नातवासाठी."

मी भावोजींकडे पाहिलं. भावोजींनी बशीकडे पाहिलं. हसू दाबता दाबता माझा चहा नाकात गेला.

इतक्यात गोमाबाबा पायऱ्या चढून आले. कोणी बोलावलं नव्हतं. त्यांनी खांद्यावरचा पट्टा उतरवून बिल्ल्यासकट टेबलावर ठेवला. मग फडकं सोडलं. अंगणात माळ्याने नुकतंच पाणी मारलं होतं. ते खाली उतरले आणि साहेबांच्या डोळ्यांसमोर ओल्या मातीत, जीपच्या चाकापासून पायरीपर्यंत, एक मोठा नर चालवत आणला. शेवटचा पाय साहेबांच्या बुटाजवळ उमटला.

"सायेब, तुमचा तो नर ह्यो," ते म्हणाले. "बाईनं मोजलं त्येबी ह्योच. खरी च्यारच हायती. माजा बिल्ला घ्या, पर बंदुका सोडू नका."

साहेब खुर्चीतून उठले, खाली आले, वाकून तो पाय बघितला. खाचेवरून बोट फिरवलं. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मला वाटलं, संपलं. आता म्हातारा गेला, भावोजी गेले आणि आपणही पुढच्या गाडीने निघालेलं बरं.

"सात दिवस," साहेब हळू म्हणाले. "गोमा, सात दिवस तू मला एका खुरामागे फिरवलंस? तेव्हा रानात दुसरी सांबरं नव्हती?"

"लई हुती, सायेब. पल्याडच्या अंगाला माद्या व्याल्या हुत्या." गोमाबाबांनी तो पाय पुन्हा फडक्यात गुंडाळला. "तुमी माज्या मागं हुता, म्हून ती वाचली. ही च्यार त्येंचीच हायती."

आणि मग साहेबांच्या पोटातून एक आवाज आला. मला वाटलं ओरडतायत. पण ते हसत होते. पायरीवर बसले, मिशा पुसल्या, पुन्हा हसले, इतके की ड्रायव्हर जीपमधून उतरून बघायला आला. "वीस वर्षं! वीस वर्षं प्रत्येक जेवणात सांगितलीय मी ही गोष्ट. गव्हर्नरला सांगितलीय!" मग भावोजींना म्हणाले, "कागद आणा." त्यांनी स्वतःच्या हाताने आकडा लिहिला: चार. त्याखाली लिहिलं, की रानाच्या या भागात कोणालाही परवाना देऊ नये. जुना माग खोटा असल्याची आपण जातीने खात्री केली आहे. बिल्ला उचलून त्यांनी गोमाबाबांच्या हातात दिला आणि वर म्हणाले, "खात्याची वस्तू अशी टेबलावर टाकायची नसते."

मला इतका आनंद झाला की मी त्या परक्या माणसासमोर टाळ्या वाजवल्या. भावोजींनीही वाजवल्या आणि मग लाजले.

साहेबांनी बंदुकीची पेटी परत जीपमध्ये ठेवायला लावली. निघता निघता ते गोमाबाबांजवळ गेले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आता बंदूक नाही, काही नाही. लांबूनच, एकदा दाखव ती चार."

ज्याने आणि ज्याच्या बापाने आयुष्यभर आल्या पाहुण्याला जनावर दाखवलं, निदान त्याचा माग तरी दाखवला, त्या माणसाने मान हलवली.

"न्हाय, सायेब."

"अरे, मी बंदी घातली ना?"

"व्हय. म्हून न्हाय."

साहेबांनी त्यांना सलाम केला. खरंच केला, टोपीला हात लावून. जीप गेली आणि अंगणातल्या नराच्या पावलांवरून तिची चाकं फिरली.

दुसऱ्या दिवशी माझी गाडी होती. गोमाबाबा निरोप द्यायला आले तेव्हा मी त्यांना बाजूला घेतलं. सोलापूरहून आले, दहा शेर प्लास्टर आणलं, चोरी पकडली. मला तरी दाखवा, मी बाईमाणूस, मला बंदूक धरतासुद्धा येत नाही. त्यांनी माझ्याकडे मायेने पाहिलं.

"बाय, तू लई चांगली हायस," ते म्हणाले. "पर तुज्या पोटात काय ऱ्हायाचं न्हाय."

अगदी खरं आहे. हे एवढं सगळं लिहून बसले, यावरूनच कळावं. ती चार सांबरं कोणत्या गाणीवर पाणी पितात, दुपारी कोणत्या सावलीला बसतात, पाडस किती मोठं झालं, यातलं मला काही म्हणता काही माहीत नाही. विचाराल तरी सांगता येणार नाही. आणि आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी माहीत नसल्याचा मला इतका आनंद झाला आहे.